भुताच्या कातडीवरचा बाण

चैत्रातल्या भर दुपारी, डांबर मऊ पडलेलं असताना, निपाणीच्या एका गल्लीत दीड-दोनशे माणसं एका पांढऱ्या मोटारीभोवती उभी होती. मोटारीच्या बॉनेटवर कोहळा, टपावर सात लिंबं, आरशाला बिब्ब्यांची माळ. पुढच्या डाव्या सीटवर फुंकर महाराज बसलेले आणि त्यांचा चेला परशराम उघड्या दाराशी काळं कापड ताणून उभा. कापडाआडून महाराजांचा आवाज येत होता.

"फुर्र... ईशान्येचं वारं, आग्नेयेचं वारं, कॉस्मिक कंप्रेसर चालू. फुर्र... बाहेर यायचं. हितं पार्किंग न्हाय."

आत काहीतरी खट्‌ खट्‌ वाजलं. मोटारीचा मालक जिनाप्पा डोळे मिटून णमोकार म्हणू लागला. तंबाखूचा जुना व्यापारी, रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाणारा माणूस. महाराजांनी आधी कोंबडा मागितला होता. जैनाच्या दारात कोंबडा कापायचा म्हटल्यावर जिनाप्पाचा चेहरा उतरला, तेव्हा महाराजांनी मोठ्या मनानं त्या भुताला शाकाहारी ठरवलं आणि कोहळ्यावर भागवून घेतलं.

कापड बाजूला झालं. महाराज खाली उतरले. त्यांच्या दोन्ही हातांत वीतभर लांब, वीतभर रुंद असं काहीतरी काळंकुट्ट होतं. त्यावर केस, वाळकी पानं आणि एक मेलेलं झुरळ.

"ही त्या पिशाच्चाची कातडी," महाराज म्हणाले. "सोडत नव्हतं. सोलून काढली."

गर्दी एकदम चार पावलं मागं सरली. तीन चपला जागेवरच राहिल्या.

घराच्या पायरीवर जिनाप्पाची सून दिव्या उभी होती. ती हायस्कूलमध्ये आठवीला विज्ञान शिकवायची. तिनं त्या कातडीकडं नीट पाहिलं. कातडीला घड्या होत्या, एकसारख्या, साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा. आणि कडेच्या पट्टीवर मळकटलेला पण स्पष्ट असा एक बाण छापलेला होता. भुताला बाण कशाला लागतो, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात परशरामानं ती वस्तू लगबगीनं पोत्यात घातली आणि वेदगंगेत विसर्जन करायची म्हणून उचलली.

भानगड सुरू झाली होती ती वासावरून. दिवाळीत जिनाप्पानं बेळगावच्या कॅम्पातून ही मोटार सेकंडहँड घेतली. थंडीभर ती गुणाची होती. फाल्गुनात ऊन तापलं, एसी लावला, आणि आतून असा वास सुटला की जणू ओल्या गोणपाटात मोजे गुंडाळून महिनाभर ठेवलेत. जिनाप्पाची बायको राजमती नाकाला पदर लावून बसू लागली. उदबत्ती लावली, तर उदबत्ती आणि मोजे असा मिळून वास येऊ लागला.

त्याच आठवड्यात बायाक्काला बेळगावहून आणलं होतं. बायाक्का म्हणजे जिनाप्पाच्या घरी वीस वर्षं धुणीभांडी करणारी आणि उरलेल्या वेळात विड्या वळणारी बाई. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ती या मोटारीतून घरी आली. ही गोष्ट चौकातल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक होती आणि त्या टपरीवर परशराम दोन दिवस चहा पीत बसला होता.

म्हणून त्या दुपारी कातडी सोलून झाल्यावर महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मला एक बाई दिसतीया. एका डोळ्यावर हिरवं. गाडीतनं आलीया. नवा डोळा लई कडक असतोय. त्येची नजर लागली ह्या गाडीला."

लोकांच्या अंगावर काटा आला. दिव्याच्याही आला, पण निराळ्या कारणानं. बायाक्का गर्दीच्या कडेला उभी होती आणि सगळी गर्दी हळूहळू तिच्यापासून लांब होत होती.

"सात दिवस एसी लावायचा न्हाय," महाराजांनी बजावलं. "त्ये गारव्याला बसतंय. काचा उघड्या ठेवायच्या. वास गेला तर माझी फुंकर खरी."

वास गेला. महाराजांचं नाव चिकोडीपर्यंत पोचलं. सात मोटारवाले आपापली भुतं घेऊन रांगेत उभे राहिले. आणि बायाक्काचं अवघड झालं. विड्या वळायला बसायची तिथं बायका तिच्याकडं पाठ करून बसू लागल्या. तान्ह्या पोरांच्या आया तिला बघून पदर ओढून घेऊ लागल्या. राजमतीनं तिला सांगितलं, "आक्का, थोडं दिवस ऱ्हाऊ दे काम." बायाक्कानं हातातलं भांडं पालथं घातलं आणि निघाली. दिव्या संध्याकाळी तिच्या खोपटात गेली, तर ती बऱ्या झालेल्या डोळ्याला फडकं बांधून बसली होती.

"पट्टी कधीच निघाली की आक्का. आता हे कशाला?"

"कुणाला बाधाय नको, बाई," बायाक्का म्हणाली. "दिसत नव्हतं तवा बरं चाललं हुतं."

दिव्यानं फडक्याची गाठ सोडली, बायाक्कानं ती परत बांधली.

आठव्या दिवशी जिनाप्पा कोर्टाच्या कामाला बेळगावला निघाला. संकेश्वरच्या पुढं घाम सहन होईना, म्हणून एसी लावला. हत्तरगीला पोचेपर्यंत मोजे परत आले होते.

महाराजांना निरोप गेला. उत्तर आलं, की कातडी सोलली पण मूळ राहिलं. आता मोठा विधी. रविवारी त्या बाईला अनवाणी आणायचं, गाडीसमोर उभं करायचं आणि तिच्या तोंडून कबूल करून घ्यायचं.

"मामा, कातडीवर बाण होता," दिव्या सासऱ्यांना म्हणाली. "मी बघितला."

"बाणामती असंल," राजमतीच मध्ये बोलली.

"भानामती म्हणतात त्याला, आत्ती."

"त्येच ते. शिकलेल्या पोरींनी ह्यात बोलू नये."

दिव्या नवऱ्याकडं, वृषभकडं गेली. वृषभ आईबापांपुढं कधी बोललेला माणूस नव्हता. त्यानं खिशातून मोटारीची किल्ली काढून खाटेवर ठेवली आणि म्हणाला, "मी झोपलोय. मला काय दिसलेलं न्हाय." आणि भर सकाळी डोळे मिटून घेतले.

मोटारीच्या पुढच्या खणात एक पुस्तक होतं. कंपनीनं दिलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेलं. दिव्यानं पिशवी फाडली. शेवटाकडच्या एका पानावर कातडीचं चित्र होतं. घड्या, पट्टी, बाण, सगळं. खाली लिहिलं होतं की हा हवा गाळायचा फिल्टर, खणाच्या मागं असतो, ठरावीक काळानं बदलावा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती बसनं बेळगावला गेली. कॅम्पात केदारी मिस्त्रींचं छोटं गॅरेज होतं. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस फक्त मोटारींचे एसी दुरुस्त करायचा. दिव्यानं सगळी हकिकत सांगितली. मिस्त्री खुर्चीत मागं रेलून हसायला लागले ते थांबेचनात.

"परशराम म्हंजे आमचा परश्या की. दोन वर्षं माझ्याकडं गाड्या धूत हुता. खण दाबून फिल्टर काढायचा कसा, मीच शिकवला. नवा घालायचा कसा ते शिकवायच्या आत पळाला."

"पण वास फिल्टरचा, की आणखी कशाचा?"

"दोन्हीचा. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम सुटतोय का न्हाय? तसा एसीच्या कॉईलला सुटतोय. ते पाणी एका बारक्या नळीनं गाडीखाली गळून जायाला पायजे. नळी तुंबली की पाणी आतच साचतंय. अंधार, ओल, वर धूळ. बुरशीला आणि काय पायजे? तुमच्या गाडीखाली पाणी टिपकतंय का?"

दिव्याला आठवेना. कधी टिपकलेलं पाहिलंच नव्हतं.

"आणि तुमचे मामा बाहेरची हवा बंद करून, आतलीच फिरवत बसत असणार."

"तंबाखूची धूळ आत येते म्हणून."

"मग बरोबर. आत आलेली धूळ आतच, वासबी आतच."

"मग सात दिवस वास गेला कसा?"

"एसी लावू नका म्हणाला की त्यो. काचा उघड्या ठेवा म्हणाला. वलं फडकं वाळलं की वास कमी येतोय, बाई. परत भिजलं की परत येतोय. ह्याला फुंकर कशाला लागती?"

मिस्त्रींनी नवा फिल्टर दिला आणि नळी साफ करायची तार दिली. परतीच्या बसमध्ये दिव्यानं पिशवीतून जाड काळा मार्कर काढला. फिल्टरच्या एका बाजूला मराठीत लिहिलं, दुसऱ्या बाजूला तेच कन्नडमध्ये लिहिलं. आपल्या भागात एकाच भाषेत लिहिलं तर खरं कारण बाजूला राहून भांडण दुसऱ्याच गोष्टीवर व्हायचं. रात्री गल्ली झोपल्यावर तिनं तो फिल्टर मोटारीत खणामागं बसवला.

रविवारी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. भूत जागं व्हावं म्हणून महाराजांनी अर्धा तास आधी एसी लावून ठेवायला सांगितला होता. बायाक्काला अनवाणी आणली. तापल्या डांबरावर ती पाय आलटून पालटून उभी होती, डोळ्याला फडकं. दिव्या जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि आपल्या चपला तिच्या पायांखाली सरकवल्या.

कापड ताणलं गेलं. "फुर्र... नैऋत्येचं वारं, वायव्येचं वारं, कॉस्मिक कंप्रेसर फुल्ल." आत खट्‌ खट्‌ झालं. परशरामानं दुसऱ्या गाडीतला मळका फिल्टर झग्यात लपवून आणला होता, तो कापडाआडून सीटवर सरकवला. पण महाराज घाईत होते. खणामागं हात घालून जे हाताला लागलं ते त्यांनी न बघताच बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

"हे बघा पिशाच्चाचं मूळ."

गर्दीनं बघितलं. मूळ पांढरंशुभ्र होतं आणि त्यावर काळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं.

"काय लिवलंय ते?" मागून रिक्षावाला यल्लाप्पा म्हणाला.

महाराजांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा आंबला. दिव्या बायाक्काकडं वळली. "आक्का, तुम्ही चौथीपर्यंत शिकलाय. फडकं सोडा आणि वाचा."

बायाक्कानं फडकं सोडलं. उन्हात डोळा मिचकावला. मग एकेक अक्षर लावत, सावकाश पण स्वच्छ वाचलं, "मी भूत न्हाय. मी हवा गाळायचा फिल्टर हाय. मला वेळच्या वेळी बदला."

परशराम खालच्या आवाजात म्हणाला, "महाराज, ह्या टायमाचं भूत शिकलेलं हाय."

यल्लाप्पा पहिल्यांदा हसला. मग गल्ली हसली. गच्च्यांवरची माणसं हसली. महाराजांनी हात खाली घेतला तर लोकांना दुसरी बाजू दिसली आणि कन्नड वाचणारे नव्यानं हसले. परशरामाच्या झग्यावरची मळक्या फिल्टरची काळी धूळ कुणीतरी झटकली.

दिव्यानं इंजिन बंद केलं. "वृषभ," तिनं हाक मारली, "तार घ्या."

आणि आईबापांपुढं कधीच न बोललेला वृषभ बापाकडं न बघता पोतं अंथरून मोटारीखाली शिरला. राजमती म्हणाली, "अरं, भूत हाय खाली." आतून त्याचा आवाज आला, "असू दे की." त्यानं नळीत तार घातली, दोनदा फिरवली, आणि चॉकलेटी, शेवाळलेलं, तंबाखूचा आणि मोज्यांचा वास मारणारं पाणी भळाभळा डांबरावर आलं. ते बराच वेळ येत राहिलं. पुढच्या रांगेतल्या माणसांनी नाकं धरली.

"हा तो वास," दिव्या म्हणाली. तिचा आवाज वर्गात येतो तसा सगळ्यांपर्यंत पोचत होता. "गाडीत पाणी साचलं, धूळ साचली, बुरशी आली. महाराजांनी फिल्टर काढून दाखवला आणि एसी बंद ठेवायला लावला, म्हणून आठवडाभर वास कमी झाला. बुरशी आतच होती. डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीचं त्यांना परशरामानं सांगितलं, टपरीवर ऐकून. ह्यात बायाक्कांनी काय केलं? त्या फक्त गाडीत बसल्या. आपण एवढी माणसं, पण गाडीचं पुस्तक उघडायच्या आधी एका बाईचं नाव घेतलं."

लोक बायाक्काकडं बघू लागले. महाराजांनी संधी साधून आपल्या मोटारीकडं मोर्चा वळवला. यल्लाप्पा आधीच तिथं पोचला होता. महाराजांच्या मोटारीत आरशाला लिंबाच्या वासाची तीन कागदी झाडं लटकत होती. त्यानं दारातून डोकं आत घालून एक श्वास घेतला आणि चटकन मागं आला.

"ह्येंच्यात तर भुताचं आख्खं कुटुंब ऱ्हातंय," तो म्हणाला.

महाराज सगळ्या काचा खाली करून, घाम पुसत, संकेश्वरच्या रस्त्याला लागले. परशराम त्यांच्या गाडीत बसला नाही. तो कॅम्पात केदारी मिस्त्रींकडं गेला, असं पुढं कळलं, आणि नवा फिल्टर घालायला शिकला.

जिनाप्पा बायाक्कासमोर जाऊन उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "आक्का, चुकलं माझं. उद्यापास्नं कामाला ये."

"उद्या न्हाय," बायाक्का म्हणाली. "परवा. उद्या मी विड्या वळायला जाणार हाय. बायका पाठ करून बसत्यात, त्येंच्या म्होरं जाऊन बसणार हाय." राजमतीकडं बघत तिनं जोडलं, "आन्‌ वैनी, तुमची भांडी येवढी डागाळल्याली असत्यात हे मला आत्ता दिसाय लागलंय."

मोटार केदारी मिस्त्रींकडं नेऊन आतली कॉईल धुऊन घेतली. घरी पोचायच्या चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉईल वाळते, हे त्यांनी जिनाप्पाला तीनदा समजावलं. वास गेला तो गेला.

पुढच्या रविवारी दिव्या केस वाळवत पायरीवर आली, तर गल्लीत अकरा मोटारी रांगेनं उभ्या. पहिल्या मोटारीचा मालक नारळ आणि हार घेऊन पुढं आला आणि वाकू लागला. "बाई, तुमचा हात लागू दे. आमच्यातलं पण काढा."

दिव्या दोन पावलं मागं सरली. महाराजांना बघून वाटली होती त्यापेक्षा जास्त भीती तिला त्या वाकलेल्या डोक्याकडं बघून वाटली.

"नारळ घरी न्या, चटणी करा," ती म्हणाली. "माझ्या हातात काही नाही. माझं पण खरं मानू नका. खणाच्या दोन्ही बाजू दाबा, खण खाली येईल, मागं हात घाला. ज्याचं त्यानं काढा आणि ज्याचं त्यानं बघा."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग एकेक दार उघडलं, अकरा माणसं अकरा मोटारींत वाकली आणि गल्लीत खट्‌ खट्‌ आवाज सुरू झाला.