समुद्राकडची खोली

आमच्या रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून चौदा बंगले आहेत. उन्हाळ्याचे तीन महिने सोडले तर त्यांत कुणी राहत नाही. निदान मालकांची तशी समजूत आहे. थंडी पडली की आमच्या मागच्या वस्तीतली आजारी माणसं बंगल्यांत हलतात, कारण आमच्या खोल्यांच्या भिंतींना ओल येते आणि तिकडे हीटर असतात. बंगल्यांची देखभाल आमच्या वस्तीकडे, म्हणून चाव्याही आमच्याकडेच. अळीमिळी गुपचिळी. नियम एकच: आधी फोनवर खोलीचा फोटो काढायचा आणि निघताना सगळं फोटोतल्यासारखं करून ठेवायचं, उशीसुद्धा.

आमच्या ह्यांना न्यूमोनिया झाला. पंचवीस वर्षं ज्या बंगल्याची बाग राखली, त्याच्याच वरच्या खोलीत त्यांना निजवलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, ऊब मोडायची नाही, वारं लागू द्यायचं नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. उशीला टेकून बसले आणि खिडकीतून खाली बघत म्हणाले, "कुंपणाकडची झाडांची ओळ वाकडी लागलीय. इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस."

"मी काय इथं लोळायला येत होते?" म्हटलं. हसले. हसताना खोकला आला नाही, तेव्हा मला वाटलं, सुटलो.

सातव्या दिवशी दुपारी बंगल्याच्या मालकीणबाईंचा फोन आला. थंडीत कधी न येणाऱ्या बाई म्हणाल्या, "संध्याकाळी पोचतोय, पाहुणे आहेत."

शेजारचा बंगला माझ्या थोरल्या जाऊबाई बघतात. त्या म्हणाल्या, "सांगून टाक गं, माणूस आजारी आहे म्हणून. खातील का तुला?"

खाल्लं नसतं. पण काम गेलं असतं, कामाबरोबर खोली, आणि सगळ्या रस्त्याचं बिंग फुटलं असतं. मी घाबरले, दुसरं काही नाही. ह्यांना दोन ब्लँकेटांत गुंडाळलं आणि त्यांच्याच बागेच्या हातगाडीवरून घरी आणलं. वारं सुटलं होतं. जाऊबाईंनी गाडी धरली, मी ब्लँकेट धरलं.

मग परत जाऊन चादर बदलली, औषधाचा वास जावा म्हणून खिडकी उघडली, उशी फोटोतल्यासारखी ठेवली. तेवढ्यात निरोप आला. पाहुण्यांचं बदललंय, आता शनिवारी येऊ.

पळत घरी आले. ह्यांना धाप लागली होती. पुन्हा त्या वाऱ्यातून न्यायची माझी छाती झाली नाही. गुरुवारी पहाटे गेले.

शनिवारी बाई आल्या. "कळलं मला, फार वाईट झालं," म्हणाल्या. मग वरच्या खोलीत गेल्या, पलंगावरून हात फिरवला. "तुझी कमाल आहे हं. इथं कुणी पाऊल ठेवलं असेल असं वाटतसुद्धा नाही."

मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

त्या खिडकीशी जाऊन खाली बघत राहिल्या. "नवा माळी आला की ती कुंपणाकडची ओळ सरळ करून घे. वाकडी दिसते."

"बरं," म्हटलं. खिडकीतून वारं येत होतं. ती लावून घेतली.