मधलं माणूस

धाकटी जाऊ आणि मी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हतो. मला न विचारता तिने माझ्या मुलीचे कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापले, आणि वर मलाच ऐकवलं, "उवा झाल्या होत्या. तुमचं लक्ष कुठे असतं?" तेव्हापासून सगळे निरोप मुलीमार्फत. "काकूला सांग, नळ बंद कर." "आईला सांग, त्यांना हात नाहीत का?"

आणि नेमक्या जाऊला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा दीर कामावर, सासूबाई नणंदेकडे आणि घरात मी. प्रसूतीच्या खोलीत सोबत एकच बाई चालते. मला हौस नव्हती. पण गेले नसते तर जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं.

आत मधलं माणूस म्हणून नर्स सापडली.

"सिस्टर, तिला सांगा, श्वास रोखू नको."

"सिस्टर, त्यांना सांगा, कंबर खाली चोळा. वर दुखत नाहीये."

नर्स वैतागली. "तुम्हा दोघींना कमी ऐकू येतं का?"

मी कंबर खाली चोळली, जरा जोरातच.

मग शेजारच्या खोलीतून हाक आली. जाताजाता नर्स दारात माझ्या कानाशी म्हणाली, "पिशवीचं तोंड अजून पूर्ण उघडलेलं नाही. मी येईपर्यंत जोर लावू देऊ नका, इजा होईल. नुसती फुंकर मारायला लावा."

जाऊ कळेत होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नाही. पुढची कळ आली आणि ती जोर लावायला लागली. मी बेल दाबली. कुणी येईना. तरी मी दाराकडेच बघत राहिले, इतकी मी हट्टी.

"ए, थांब," शेवटी मी म्हणाले. "जोर लावू नकोस. फुंकर मार."

"मला शिकवू नका."

"शिकवणार. सिस्टर सांगून गेल्यात. आधी फुंकर मार, मग शिव्या दे."

तिने दोन्ही केलं. माझ्या मनगटात नखं रुतवली.

"उवा खरंच होत्या," ती धापा टाकत म्हणाली.

"होत्या. विचारायचं होतंस. मार फुंकर."

नर्स परतेपर्यंत आम्ही अशाच भांडत राहिलो.

मुलगी झाली. गुंडाळून नर्सने ती माझ्या हातात दिली. जाऊने डोळेही उघडले नाहीत. "बाळा, काकूला सांग, पाणी हवंय."

माझं डोकं सणकलं. परवाच माझी मुलगी बाथरूममध्ये कडी लावून बसली होती, कुणी निरोप सांगू नये म्हणून.

"हिला मध्ये घ्यायचं नाही," मी म्हणाले. "एका पोरीने केली तेवढी हमाली पुरे. पाणी हवं तर मला सांग."

तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "पाणी द्या."

मी दिलं. तिने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"कोमट आहे," ती म्हणाली. मलाच म्हणाली.