आमेन वगळून

गावच्या शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एकच बाई. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायलाही त्याच, आणि घरी म्हाताऱ्या बाबांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं हेही त्यांच्याच वाट्याला. "देवानं तुम्हाला दोनच हात देऊन कंजुषी केली बघा," असं शेजारची शिंपीणकाकू म्हणायची. बाई हसायच्या. रडायला सवड लागते, ती कुठून आणणार?

बाबा त्याच चर्चचे जन्मभराचे राखणदार. झाडलोट, घंटा, मेणबत्त्या सगळं त्यांच्याकडे असे, पण अभिमान एकाच कामाचा. उपासनेत शेवटचं गीत संपलं की ऑर्गनवर 'आमेन'चे दोन लांब सूर वाजत. पहिल्या सुराला बाबा बाकावरून उठायचे आणि दुसरा विरायच्या आत मोठ्या दाराची दोन्ही कवाडं उघडून उभे असायचे. तोवर एक माणूस जागचा हलत नसे. आणि आतला शेवटचा माणूस बाहेर पडल्याशिवाय बाबा दार सोडत नसत, मग बाहेर कितीही गारठा असो. पाळक थट्टेनं म्हणत, "उपासना सुरू मी करतो, पण संपवतात हे."

आता त्यांचं डोकं साथ देईना. मुलगी कधी त्यांची बहीण असे, कधी आई, कधी कोणी परकी बाई. दार उघडं दिसलं की पायांना भिंगरी लागल्यासारखे चालू लागत. ऑर्गन ऐकला की मात्र मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसत. बाईंनी हे हेरलं आणि युक्ती काढली. अर्धा तास गीतं वाजवून मोबाइलमध्ये घेतली, एक संपतंय तोच दुसरं, आणि आमेन सगळीकडून वगळला. शाळेत जाताना ते लावून द्यायचं, ते आपलं फिरत राहायचं. अधूनमधून काकू डोकावून जायची. बाबा खुर्चीत बसलेलेच.

शहरातला धाकटा भाऊ फोनवर सारखं एकच टुमणं लावायचा. "ताई, बाहेरून कुलूप तरी लावत जा. नाहीतर इथे वृद्धाश्रम चांगला आहे. तिथे ठेवू."

"कुलूप गोठ्याला लावतात," बाई म्हणायच्या. "बाबा हलत नाहीत. आणि मी त्यांना शब्द दिलाय."

शब्द दिला होता हे खरं. डोकं ठिकाणावर होतं तेव्हा बाबांनीच हात धरून म्हटलं होतं, "मला परक्यांच्या हाती देऊ नकोस." त्या शब्दासाठी बाई तारेवरची कसरत करत होत्या. एक गोष्ट मात्र टोचायची. आपण आपल्याच बापाला कधी न संपणाऱ्या उपासनेत बसवून ठेवलंय असं वाटायचं, आणि मग दिवसभर घास गोड लागायचा नाही.

तो जुना मोबाइल एके दिवशी बंद पडला तो पडलाच. बाबांना काकूकडे बसवून बाई शाळा सुटल्यावर चर्चमध्ये गेल्या आणि नव्या फोनमध्ये पुन्हा गीतं घ्यायला बसल्या. पायानं ऑर्गनचा भाता मारून पाय भरून आले होते, उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या. शेवटचं गीत संपलं आणि हात आपोआप पुढे सरकले. हात म्हणजे घाण्याचा बैल. डोळे बांधले तरी त्याची वाट चुकत नाही. पेपर देण्याआधी एकदा वाचून बघा म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या बाई, त्यांनीच ऐकून न बघता फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पाढे चालले होते. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून काकू वर्गाच्या दारात आली. "बाई, बाबा खुर्चीत नाहीत."

मुलांकडे बघायला काकूला बसवून त्या धावत सुटल्या. घराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती, भिंतीला नीट टेकवलेली. आत फोनवर गीतं वाजतच होती. बाई क्षणभर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कानावर आमेनचे ते दोन सूर आले. त्यांनीच वाजवलेले.

चर्चकडे जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागे. तिथे दुधाचा टँकर रस्त्यात आडवा थांबला होता आणि चालक खाली उतरला होता. "म्हातारबा थोडक्यात वाचले हो! इकडे नाही, तिकडे नाही, नाकासमोर चालले होते."

बाबा चर्चच्या बंद दारावर दोन्ही तळव्यांनी धक्के देत होते. लाकडावर रक्त लागलं होतं.

"आत माणसं खोळंबलीत," ते कळवळून म्हणाले. "आमेन झालं की! दार कोणी लावलं?"

बाईंनी त्यांना पायरीवर बसवलं आणि रुमालानं तळवे पुसले. "माझी चूक झाली हो, बाबा."

"तू कोण गं?"

"ऑर्गन वाजवणारी."

"मग चुकलं कुठे? छान वाजवलंस."

भावाला त्यांनी स्वतःच फोन केला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "रविवारी गाडी घेऊन येतो," एवढंच म्हणाला. आमेन पुसून टाकणं बोटाचं काम होतं, पण आपल्या हातांवरचा बाईंचा विश्वासच उडाला होता. आणि कुलूप लावायला ते हात धजावत नव्हते.

रविवारी बाबांना कित्येक महिन्यांनी चर्चमध्ये आणलं होतं. भाऊ मागच्या बाकावर बसला. बाबांची बॅग गाडीत ठेवून झाली होती. शेवटचं गीत संपलं आणि बाईंनी आमेनऐवजी दुसरंच गीत सुरू केलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही गाऊ लागले. ते संपतंय तोच तिसरं सुरू झालं. पाळकांनी चष्म्यावरून नजर टाकली. बाबा बाकावर होते, मांडीवर हात. आपण वाजवत राहू तोवर बाबा आपले, असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी भाता आणखी जोरात दाबला.

मग त्यांनी पाहिलं, बाबा मान वळवून ऑर्गनकडे बघत होते. बाकाच्या कडेला सरकले होते, एक पाय पुढे टाकून. वर्गात उत्तर येणारं मूल हात वर करून ताटकळतं आणि बाईंचं लक्षच जात नाही, तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांना त्यांचं काम करायचं होतं. इतके महिने ते याचीच वाट बघत बसले होते.

बाईंनी आमेन वाजवला.

पहिल्या सुराला बाबा उठले. फडकी बांधलेल्या हातांनी त्यांनी दोन्ही कवाडं उघडली आणि ताठ उभे राहिले. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी मान लववली, लेकालाही. त्यानं हळूच कोपर धरलं. "चला, बाबा."

"थांबा हो, आत अजून एक जण आहे," बाबा म्हणाले, आणि ऑर्गनकडे बघून हाक मारली. "ए पोरी, संपलं सगळं. ये बाहेर. मी दार धरलंय."

बाईंना उठवत नव्हतं. पण त्या बाहेर पडल्याशिवाय बाबा दार सोडणार नव्हते. त्या उठल्या.