अभिमनच्या नावाची मूठ

कानबाईचे रोट, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या, करायचे म्हणजे आधी गहू मोजायचे. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू सुपात पडतो, पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा. गेलेल्या माणसाची मूठ तेवढी पडत नाही. मंजुळाबाईने मुलाची मूठ टाकली, नातवाची टाकली आणि नवऱ्याच्या नावापाशी आली तेव्हा तिचा हात गव्हातच थांबला.

थांबायला कारण होतं. अभिमनची मूत्रपिंडं निकामी झालेली, सोमवारी आणि गुरुवारी धुळ्याला डायलिसिसच्या मशीनवर जायचं हे ठरलेलं. पण श्रावणात कानबाई बसते रविवारी आणि विसर्जनाला नदीवर निघते सोमवारी. गेल्या श्रावणात, घरातला थोरला पुरुष म्हणून, त्याने तो सोमवार बुडवला. एका दिवसाने काय आभाळ कोसळतं, असं तो म्हणाला आणि मंजुळाबाईनेही मान डोलावली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं त्याने दाबून खाल्लं. नदीवरून आल्यावर त्याला आडवं होता येईना. उशा रचून बसवला तरी धाप थांबेना, छातीतले ठोके चुकायला लागले. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून धुळ्याला नेला, तेव्हा ईसीजीची पट्टी बघून डॉक्टरांनी मंजुळाबाईला खोलीबाहेरच काढलं. बाहेरच्या फरशीवर बसून तिने स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

पुढे डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. मूत्रपिंडाच्या रोग्याला बहुतेक वेळा दगा देतं ते हृदय. अंगात साठलेलं पाणी त्यालाच ओढावं लागतं, त्याने ते जाड आणि थकलेलं होतं. त्यात भाज्या-डाळींतलं पोटॅशियम रक्तात वाढलं की ठोका कधी चुकेल याचा नेम नाही. मशीनचा एक खाडा म्हणजे काळजावर दुप्पट ओझं. तेव्हापासून मंजुळाबाई त्याची भाजी उकडून पाणी फेकून द्यायची. रोटाचं काहीच फेकता येत नाही, पाण्याचा थेंबही नाही. पंचाईत होती ती इथे.

तिने मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली आणि उठली.

थोरली जाऊ कमलअक्का ओसरीत बसली होती. थोरले दीर गेल्यापासून भाऊबंदांत अक्काचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. "सोमवारले अभिमन आठेच ऱ्हाई," अक्काने सांगून टाकलं. "चौरंग त्यानीच उचलाना." देवीचा चौरंग बाईच्या डोक्यावर चढवून द्यायचा तो घरातल्या थोरल्या पुरुषाने, ही रीत.

"त्या धुळाले जातीन, अक्का. मी फोन करी देखा. रविवारले मशीन बंद, मंगळवारले जागा नही."

"आन देवीनं काय?"

"देवी समदं देखस. मागला साल तिनीच यास्ले परत दिनं. आते दुसरांदाव मांगानी माले लाज वाटस."

अक्का बोलायच्या आत खाटेवरचा अभिमन उठून बसला. "मी आखो जित्ता शे. मना बारामा मालेच इचारा," तो उसळून म्हणाला. "समदी भाऊबंदकी नदीवर, आन मी मशीनवर? लोके काय म्हनतीन?"

"लोके मागला साल दवाखानाना दारमा बठेल व्हतात का? त्यास्ले इचारा," मंजुळाबाई म्हणाली.

"आन कानबाई कोन लेई डोकावर?" अक्काने ठेवणीतलं काढलं. लग्न झाल्यापासून कानबाई मंजुळाबाईच्याच डोक्यावरून नदीला गेली होती. तिचा तो मान होता, आणि तो तिला फार प्यारा होता. वर्षभर राबताना ती त्या एका सकाळीकडे डोळे लावून बसायची.

"ज्योत्स्ना लेई," मंजुळाबाई म्हणाली. सून चुलीपाशी चपापली. शब्द मंजुळाबाईने मागे घेतला नाही.

रविवारी तिने अभिमनच्या ताटात रोटाचा चतकोर ठेवला, भाजी नावाला. पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ठेवला. रोट उरता कामा नये, म्हणून त्याच्या वाटचं सगळं तिने खाल्लं. शेवटची पोळी उतरेना तेव्हा उठून दोन फेऱ्या मारून आली आणि पुन्हा बसली. अभिमन रागाने भिंतीकडे बघत होता, तरी त्याला हसू आवरलं नाही.

सोमवारी उजाडताच दोघं एसटीत बसली. गाव ढोल-ताशाने जागं होत होतं. आपली कानबाई आज आपल्याशिवाय नदीला जाणार, या विचाराने मंजुळाबाईला रडू आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि कंडक्टरकडून धुळ्याची तिकिटं घेतली.

सेंटरमध्ये त्याला काट्यावर उभं केलं. टेक्निशियनने आकडा बघितला, पुन्हा बघितला. "नाना, सणाचा सोमवार आणि इतकं कमी पाणी? आज तुमच्या हृदयाला सुट्टीच आहे म्हणा." अभिमनने खाटेवर चढताना बायकोचा खांदा धरला.

मशीन सुरू झाल्यावर ज्योत्स्नाचा व्हिडिओ कॉल आला. फोन धरला होता मुलाने, भूपेंद्रने. डोक्यावर चौरंग घेऊन ज्योत्स्ना बोरी नदीच्या पाण्यात उतरत होती, मान ताठ, पाऊल जपून. मागे कमलअक्का तिला सांभाळत, ओरडत, शिकवत चालली होती. सुया टोचलेला हात अभिमनला हलवता येईना. त्याने मोकळा हात कपाळाला लावला. देवी पाण्यात जाईपर्यंत दोघांनी फोनवरून नजर काढली नाही.

मग त्याने हळूच विचारलं, "गहू मोजतांना तुना हात थांबना व्हता, नही? मी देखं."

मंजुळाबाईने फोन पालथा ठेवला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "थांबना व्हता," ती म्हणाली.

"पुढला साल?"

"पुढला साल थांबाव नही." तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "पन आधी गुरुवारले आठे येवानं शे."