भरल्या गाडीचा चढ

नाकावर माशी बसली तर तीही विचारून बसावी, असा हिरासिंगचा ताठा. पांढरकवड्याबाहेर हायवेला त्याचं गॅरेज, वीस वर्षं ट्रकचे गिअरबॉक्स खोललेले. त्या साली कापसाच्या भावानं अशी मान टाकली की जिनिंगचे ट्रकच थंडावले. म्हणून हिरासिंगला सवड मिळाली आणि त्यानं रजनी वकीलबाईंची ऑटोमॅटिक गाडी खोलली. नागपुरात "गिअरबॉक्स भंगारात टाका" म्हणून सांगितलेलं. यानं अकरा दिवस खपून तो पुन्हा बसवला.

रजनीताईंचा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला. क्लच नसलेली ही एकच गाडी त्या स्वतः चालवू शकत. त्यांचे थोरले भाऊ मधुसूदन यवतमाळहून मुद्दाम आले होते. "आज गाडी ही समोरची टेकडी चढली तर ठीक," त्यांनी बजावलं, "नाहीतर विकून टाकायची. वकिली पुरे झाली, रजनी माझ्याकडे राहील."

रजनीताई जाऊन स्टेअरिंगवर बसल्या.

"हातच्या कांकणाले आरसा कायले, साहेब?" म्हणत हिरासिंगनं डिकीत सरकीची तीन पोती टाकली. "आमचे बंजारे पुरखे बैलावर माल लादून देशभर फिरत. रिकामा बैल कोनीबी हाकलते! भरून, अर्ध्या चढावर उभा करायचा. मंग उठते का, ते पाहाचं."

दोघे मागं बसले आणि गाडी टेकडीच्या अर्ध्या चढावर जाऊन थांबली. रजनीताईंनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, पण गाडी जागची हलेना, उलट मागं घसरली. त्यांनी कचकन ब्रेक मारला.

"झालं!" मधुसूदन म्हणाले. "ट्रकवाल्याच्या हाती दिल्यावर आणखी काय होणार?"

हिरासिंगच्या तोंडचं पाणी पळालं. सामान नकली निघालं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, ते सोपं होतं. जीभ तिथवर आलीही होती.

"हिरासिंगभाऊ," रजनीताईंनी मागं वळून विचारलं, "गिअरबॉक्सचं तेल केव्हा पाह्यलं?"

"आज सकाळी. गाडी थंड होती, बंद. तेल मोजाच्या पट्टीवर जास्त दिसलं, म्हून लिटरभर काहाडलं."

"मी गाडीच्या पुस्तकातून वाचून दाखवलं होतं ना? इंजिन गरम, चालू ठेवून पाहायचं. बंद केलं की तेल खाली उतरतं अन् जास्त दिसतं. आता कमी पडलं, म्हणून गाडी उठेना."

वाचलं होतं बाईंनी. यानं मानही डोलावली होती. पण ट्रकचं तेल सकाळी थंड इंजिनावर पाहायचं, हे वीस वर्षं हाताला लागलेलं. हातानं तेच केलं, अन् डोकं झोपलं!

"साहेब," हिरासिंग खाली मान घालून म्हणाला, "गिअरबॉक्स चांगला हाय. चूक माही हाय."

गाडी पायथ्याच्या सपाटीला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. काढलेल्या तेलाची बाटली सोबत होतीच. थोडं थोडं ओतून, पट्टी पुसून पाहून, त्यानं तेल खुणेला आणलं. मधुसूदन बाजूला हाताची घडी घालून उभे.

"दादा, बसू नका," रजनीताई म्हणाल्या. "मी एकटी जाते."

अर्ध्या चढावर गाडी थांबली. मग ती उठली, ना धक्का, ना आवाज. सरळ माथ्यावर गेली, आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

"वा रे पठ्ठे!" हिरासिंगनं स्वतःचीच मांडी थोपटली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मधुसूदन अस्वस्थ झाले. "परत का येत नाही?"

हिरासिंगनं घड्याळ पाहिलं. "अकरा वाजून गेले, साहेब. ताई कोर्टात गेल्या. माही सरकी बी गेली."

मधुसूदन माथ्याकडे वळले. "शाळेत असताना मी तिला कडेवर घेऊन न्यायचो," ते म्हणाले.

"आज तुम्हाले कोर्टापर्यंत पायी जावं लागन, साहेब," हिरासिंग म्हणाला. "चाला, मीबी येतो."

आणि मधुसूदन चढ चढायला लागले.