मावशींच्या हातचे मटार

“मावशी, काल एका पेशंटच्या भाजीत अळी निघाली,” स्वैपाकीणबाई हळूच म्हणाली.

दवाखान्याच्या स्वैपाकघरात मावशी मटार सोलत बसल्या होत्या. “पालकातली असेल. माझ्या हातून नाही सुटायची.”

“काल पालक नव्हता, मावशी.”

मावशींनी पुढची शेंग उचलली. निवडण्यात त्यांचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. अठरा हिवाळे त्यांनी पोत्यांनी मटार सोलले होते. तोंडानं गावगप्पा चालायच्या आणि किडका दाणा बोटं आपणच बाजूला टाकायची. गाजर नुसतं चाचपून आतला दांडा किती जाड ते त्या सांगायच्या. नव्या बायकांना चिडवायच्या, “डोळे सिनेमाला ठेवा गं. भाजी बोटांनी बघायची.”

या हिवाळ्यात मात्र बोटांनी दगा दिला. टोकं पार बधिर झाली. साखरेनं नसा गेल्या, त्या आता परत यायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. डोळे तर आधीच अधू. मावशींनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की घरी बसा म्हणणार, आणि घरी त्यांना विचारतंय कोण? इथं निदान मावशींशिवाय पोतं सुटत नव्हतं.

दुपारी त्या घरी निघाल्या आणि शाल राहिली म्हणून परतल्या. स्वैपाकीणबाई खिडकीपाशी परात मांडीवर घेऊन बसली होती. मावशींनी निवडलेले दाणे ती पुन्हा निवडत होती. शेजारी वाटीत मूठभर किडके दाणे जमले होते.

मावशी पावलं न वाजवता मागे फिरल्या. शाल तिथंच राहिली. स्वैपाकीणबाई चारचौघांत बोलली असती तर मावशींनी तिला चांगली फैलावर घेतली असती. भांडायला त्या कधीच कमी नव्हत्या. पण ही बाई आपली अब्रू झाकतेय, तिच्याशी भांडायचं तरी कसं? वाटभर त्यांना रडू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक दाणा डोळ्यांजवळ धरून पाहिला. सगळे सारखेच हिरवे दिसत होते.

“झालं का, मावशी?”

“झालं. नीट बघितलेत.”

परात तिच्याकडे सरकवून त्यांनी टरफलांची टोपली उचलली. मागच्या अंगणात ती रिकामी केली आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या. गारठा झोंबत होता. बऱ्याच वेळानं आत नळ सोडल्याचा आणि परातीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग त्या आत गेल्या.