ओलं वार्निश

धीर धरणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, सातव्या महिन्यातच बाहेर आली, हिला तिथंही दम निघाला नाही.

धाकटा शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला, त्याला दोन महिने झाले. आम्ही भावंडं जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. मी तार सोडते, तो गुंडाळतो आणि वेढे मोजतो. कधी एक वेढा चुकला नाही गड्याचा. आणि आता? चाळिसाच्या पुढे गेला की डोळे मिटतो, भिंतीला टेकतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार लागल्यावर मेंदू आधी अधाशासारखी साखर जाळतो, मग थंडावतो. ऊर्जा कमी पडते, म्हणून हा थकवा."

झालं! मी ऐकलं एवढंच, साखर. चहात तीन चमचे, वर ग्लुकोजचं पाणी, खिशात गोळ्या. आठवड्याने बाईंनी मलाच झापलं. "अहो, साखर रक्तात आहेच. पेशींना तिची ऊर्जा नीट करता येत नाहीये. वेळ द्या."

वेळ! तेवढं सोडून काहीही मागा. डोक्यात एकच भुंगा, हा पुन्हा कामाला बसणार की नाही?

काल सकाळी राहवेना. पंपाची मोटार त्याच्यापुढे ठेवली. "भर बघू. एकशेवीस वेढे." वर रेडिओही लावला, म्हटलं गोंगाटात जमतं का बघू तरी. घामाने डबडबला बिचारा. तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजायला लागला तेव्हा माझा ताबा सुटला.

"अरे, लक्ष कुठंय तुझं? की मुद्दाम करतोस?"

बोलले आणि जीभ चावली. तो चिडला नाही. फळीवर मी परवा भरलेली मोटार सुकत होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, ती लाव ना पंपाला."

"वेडा का? तारेवरचं वार्निश ओलं आहे. आत्ता लोड दिला तर जळेल."

"कोरडी दिसते की."

"वरून दिसते रे, आत अजून..."

माझी नजर त्याच्या डोक्याकडे गेली. टाक्यांची खूण आता केसांखाली पार झाकून गेली होती.

मी रेडिओ बंद केला. रडू आलं, ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

"किती झाले होते?"

"एकेचाळीस. नक्की."

त्याच्या हातातली तार घेतली. "बेचाळीस," म्हटलं. "पुढचे मी मोजते. तू पड जरा."